रुतलेलें चाक

महाभारताच्या कर्णपर्वांतील तो प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? ऐन युद्धांत कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें आणि तो महारथी खालीं उतरून दोन्ही हातांनीं तें उपसूं लागला. व्यास सांगतात कीं, त्याच्या जोरानें सप्तद्वीपा पृथ्वी चार अंगुळें वर उचलली गेली. चाक मात्र सुटलें नाहीं. लहानपणीं ही कथा ऐकतांना आम्हांस कर्णाच्या दैवाची कींव येत असे. आतां साठी उलटल्यावर तिच्यांत एक व्यावहारिक अर्थही दिसूं लागला आहे. जोर कमी पडला म्हणून कांहीं तें चाक अडलें नाहीं. मातीची पकड सोडविल्यावांचून ओढलें, म्हणून अडलें.

हा अर्थ सुचण्यास आमच्या घरचाच एक प्रसंग कारण झाला. आमची पुतणी पशुवैद्य असून तिचें काम चंदगड तालुक्याच्या डोंगराळ वाड्यांतून चालतें. गेल्या आषाढांत एका अडलेल्या म्हशीकरितां ती निघाली असतां, वाडीच्या अलीकडे तिच्या लहानशा जीपगाडीचें मागचें चाक तांबड्या चिखलांत आंसापर्यंत बसलें. गाडीबरोबर मिळालेला कात्रीच्या घडीचा जॅक तिनें सांगाड्याखालीं लावला. चार फेरे होतात न होतात तों जॅकच एका अंगास कलून जमिनींत शिरला आणि गाडी घसरून धप्पकन खालीं आली. क्षणापूर्वीं दगड सारण्याकरितां तिचा उजवा हात चाकाखालीं होता. हात वांचला. पुढें गांवकऱ्यांनीं गाडी ढकलून काढली आणि म्हैसही सुटली; पण ही हकीकत ऐकून आमच्या धाकट्या बंधूंची झोंप उडाली.

त्यांनीं लागलीच ठरविलें कीं, मुलीस बाजारांतील सर्वांत मोठा जॅक घेऊन द्यावयाचा. एका उंच, तांबड्या रंगाच्या यंत्राचें चित्र घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “दादा, तुम्ही वर्गांत तरफ आणि कप्पी शिकवीत होतां. सांगा, हाच घेऊं ना?” आम्हीं म्हटलें, “आठ दिवस थांब.” त्या आठ दिवसांत जें वाचलें, जाणत्या माणसांस विचारलें आणि परसांत करून पाहिलें, त्याचें सार येथें देत आहों.

पहिला प्रश्न वजनाचा. गाडी बाराशें किलोची असली म्हणजे जॅकवर बाराशें किलो येतात असें नव्हे. माणसें व सामान धरून चौदाशें किलो झाले, तरी एक चाक उचलतांना ढोबळ मानानें चौथा हिस्सा, म्हणजे साडेतीनशें किलो अंगावर येतात. गाडी तिरपी असेल तर अधिक, आणि चिखलाची ओढ निराळी. तरी दोन टनांचा साधा जॅकही या कामास बळानें पुरून उरतो. आमच्या पुतणीचा जॅक हरला तो बळानें नव्हे.

तो हरला तळानें. हा दुसरा प्रश्न, आणि तोच मुख्य. जॅकची बैठक दहा सेंटिमीटर लांब व तेवढीच रुंद धरली, तर शंभर चौरस सेंटिमीटरांवर साडेतीनशें किलो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास साडेतीन किलो. पासष्ट किलोचा मनुष्य दोन्ही पावलांवर उभा राहिला तर हाच दाब सुमारें ०.२ किलो पडतो, आणि एवढ्यानेंही चिखलांत पाऊल रुततें. मग जॅकची काय कथा! आतां त्याच बैठकीखालीं चाळीस सेंटिमीटर चौरस अशी जाड, न वांकणारी फळी घाला. क्षेत्रफळ सोळाशें होतें, आणि दाब ०.२२ किलोवर, म्हणजे उभ्या माणसाच्या पावलाइतका, उतरतो. यंत्र तेंच, गाडी तीच. केवळ एका फळीनें सोळापट फरक पडला.

तिसरा प्रश्न, जॅक लावावयाचा कोठें? सांगाड्याखालीं लावला तर प्रथम सांगाडाच वर येतो. स्प्रिंगा लांबत जातात, चाक आपलें चिखलांतच बसून राहतें, आणि वीतभर उचलल्यावर तें हलूं लागतें. तोंवर गाडी डळमळीत होऊन जाते. आंसाखालीं लावला तर चाक पहिल्या इंचापासून वर येतें. ज्या गाडीचा आंस अखंड नळीसारखा असतो, तिला ही सोय आहे. इतर गाड्यांच्या पुस्तिकेंत दाखविलेलीच जागा धरावी. अडचण एवढीच कीं, गाडी आंसापर्यंत बसल्यावर आंसाखालीं जॅक शिरण्यास जागा उरत नाहीं. ती खणून करावी लागते. म्हणून जॅकच्या आधीं फावडें घ्यावें.

आतां यंत्रांच्या जाती पाहूं. पहिली, गाडीबरोबर मिळणारा कात्रीचा जॅक. तो हलका व सुटसुटीत असतो. परंतु त्याची योजना सपाट, कठीण रस्त्यावर चाक बदलण्यापुरती आहे.

दुसरी, तेलाच्या दाबावर चालणारा बाटलीच्या आकाराचा जॅक. सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें द्रवांतील दाबाचा नियम मांडला, आणि १७९५ सालीं जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. आपल्या बाटलीजॅकचा मूळ पुरुष तोच. धाकट्या दट्ट्यापेक्षां थोरल्या दट्ट्याचें क्षेत्रफळ वीसपट असलें तर बळ वीसपट होतें. उंची मात्र तितक्याच प्रमाणांत कमी मिळते. म्हणून दांडा अनेकदां हलवावा लागतो. पण एका स्त्रीच्या हातांस पेलेल इतका तो हलका चालतो. वजन चार-पांच किलो. दोष असा कीं, त्याची उचल वीतभरच असते आणि तो उभाच ठेवावा लागतो. घेतेवेळीं मिटलेली उंची मोजावी. दोन टनांचा कीं सहा टनांचा, यापेक्षां आपल्या आंसाखालीं तो मावतो कीं नाहीं, हें महत्त्वाचें.

तिसरी, बंधूंच्या चित्रांतील उंच जॅक. चार फूट उंचीची छिद्रांची पोलादी पट्टी, आणि तिच्यावर खुंट्यांच्या साह्यानें पायरीपायरीनें चढणारा एक घोडा. ही जात अमेरिकेंत १९०५ पासून शेतकऱ्यांच्या हातीं आहे. गाडी पोटापर्यंत बसली असतांही ती बाहेरून, मजबूत पोलादी बंपरास लावतां येते. ओढण्याच्याही कामास येते. तिची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पण तिचें वजन सुमारें तेरा किलो. पातळ पत्र्याच्या व प्लॅस्टिकच्या बंपरांस ती लावण्यास जागाच नसते. उंच उचललेली गाडी बाजूस कोसळूं शकते. आणि खुंट्यांत चिखल गेला तर त्या अडकतात. सर्वांत मोठें भय दांड्याचें. भार असतां तो अर्धवट स्थितींत सुटला, तर उसळून जबडा फोडील एवढ्या वेगानें येतो. उतरवितांना तर भार अंगावर असतोच; तेव्हां हात ढिला पडूं देऊन चालत नाहीं. दांडा व पट्टी यांच्यामध्यें डोकें कधींही आणूं नये. जाणत्या, सरावाच्या आणि सोबत असलेल्या माणसाचें हें यंत्र आहे.

चौथी, गाडीच्या धुरानें फुगणारी पिशवी. मऊ वाळूंत ती उत्तम, कारण तिचा तळच विस्तीर्ण. कोंकणच्या किनाऱ्यावर गाडी नेणारांनीं तिचा विचार अवश्य करावा; भरती कोणासाठीं थांबत नाहीं. परंतु कांटा, अणकुचीदार दगड आणि तापलेली नळी हे तिचे शत्रु. आमच्या डोंगरांत हे तिन्ही भेटतात.

आठव्या दिवशीं आम्हीं परसांतील आळ्यांत पाणी सोडून चिखल केला आणि गाडीचें मागचें चाक त्यांत उतरविलें. हाताचा ब्रेक ओढला, गाडी पहिल्या गियरांत ठेवून बंद केली आणि पुढच्या चाकांस दोन्ही अंगांनीं दगडांची उटी दिली. शेजाऱ्यांकडून आणलेला बाटलीजॅक प्रथम तसाच लावला. तो मुकाट्यानें खालीं गेला. मग पुतणीनें स्वतः फावड्यानें चाकाभोंवतींची माती मोकळी केली, फळी बसविली आणि दांडा हलवूं लागली. चिखलानें एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि चाक सुटलें. तिनें लांब काठीनें त्याखालीं दुसरी फळी सारली. हात घातला नाहीं. बंधु उकिडवे बसून पाहत होते. ते म्हणाले, “एवढेंच उचललें? मोठा जॅक याच्या चौपट उचलतो.”

ती हंसून म्हणाली, “बाबा, फळी शिरण्याइतकें पुरे. त्या वाटेवर मी एकटी असतें. मला पेलेल तेंच द्या.”

बंधु बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. बापाची माया मोठ्या वस्तूंत आपलें समाधान शोधते. मुलीच्या हातांस काय पेलतें हें तिला पुष्कळदां दिसत नाहीं. संध्याकाळीं ते बाजारांत जाऊन आले, तेव्हां पिशवींत बाटलीजॅक, आखूड दांड्याचें फावडें आणि जाड हातमोजे होते. फळ्या आमच्या जुन्या देवघराच्या सागवानी दाराच्या कापून दिल्या.

वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, जॅक कोणताही घ्या, तो पावसाळ्यापूर्वीं घरच्या सपाट अंगणांत एकदां लावून पाहा. बायकामुलांसही लावूं द्या. गाडींत कोणी बसलें असतां ती उचलूं नये. आणि जॅकवर तोललेल्या गाडीखालीं शरीराचा कोणताही भाग, क्षणभरही, नेऊं नये.

त्या दिवशीं परसांत आम्हीं मोजलें. चाक नेमकें चार अंगुळें उचललें गेलें होतें.