शून्यापाशी खरे, पस्तीसापाशी खोटे

१/ घरी सागरी मत्स्यालय सांभाळणाऱ्यांमध्ये एक समजूत दृढ आहे. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर शुद्ध पाण्याचे दोन थेंब टाकावेत, स्क्रू फिरवून रेषा शून्यावर आणावी, की यंत्र विश्वासास पात्र झाले. माझ्या मते ही समजूत घातक आहे. ती का घातक आहे, याचे उत्तर सागरविज्ञानाच्या इतिहासात सापडते. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/ समुद्राचे एक किलो पाणी आटवावे, उरलेले मीठ तोलावे आणि क्षारता सांगावी, इतके हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही. त्या पाण्यातील मॅग्नेशियम क्लोराइड आपल्यातले पाणी सहजासहजी सोडत नाही. ते घालवण्यासाठी आच वाढवावी, तर त्याचा क्लोरीनच हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने उडून जातो. बायकार्बोनेटांतून कार्बन डायऑक्साइड निसटतो तो वेगळाच. कमी तापवले तर वजन अधिक भरते, जास्त तापवले तर उणे. तराजू कितीही उत्तम असला तरी या दोषावर त्याच्याकडे उपाय नाही.

३/ म्हणून क्षारता मोजण्याचा इतिहास हा आडवाटेने मोजण्याचा इतिहास आहे. १८६५ मध्ये डेन्मार्कचे भूवैज्ञानिक योहान फोर्शहामर यांनी निरनिराळ्या समुद्रांच्या पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. पाणी कमी खारे असो वा अधिक, त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सारखेच राहते, असे त्यांना आढळले. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत गोळा केलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये त्याला भक्कम दुजोरा दिला. मग सगळे क्षार मोजण्याची गरज उरली नाही. सिल्व्हर नायट्रेटने क्लोरीन तेवढा मोजावा, बाकीचे गणिताने काढावे.

४/ पण सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण तरी बरोबर आहे, हे कोणी सांगायचे? उत्तर युरोपातील संशोधकांसाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. हेरिंग माशांचे थवे कोणत्या पाण्याबरोबर येतात आणि जातात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि त्या पाण्यांच्या क्षारतेतला फरक अगदी थोडा असे. दोन देशांच्या प्रयोगशाळांची उत्तरे त्याहून अधिक वेगळी येऊ लागली, तर समुद्र बदलला की बाटलीतले द्रावण, हे कसे ठरवायचे?

५/ यावरचा उपाय डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांचा आहे आणि मला तो या साऱ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. त्यांनी नवे, अधिक नाजूक यंत्र शोधले नाही. समुद्राचेच पाणी घेऊन, ते गाळून, काटेकोरपणे तपासून काचेच्या कुप्यांत हवाबंद केले आणि प्रयोगशाळांना पुरवण्याची व्यवस्था लावली. प्रत्येकाने आपले द्रावण आधी या पाण्यावर पारखायचे, मग नमुन्याला हात लावायचा. हेच पुढे ‘कोपनहेगन पाणी’ म्हणून ओळखले गेले. १९७५ मध्ये हे काम इंग्लंडकडे गेले. तशा प्रमाणित पाण्याचा पुरवठा आजही चालू आहे.

६/ या कुपीतले पाणी शुद्ध पाणी नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्यावी. त्याची क्षारता ३५ च्या आसपास ठेवलेली असे, म्हणजे जिथे मोजायचे तिथेच. शून्यावर पारखून पस्तीसाबद्दल ग्वाही देणे त्या रसायनशास्त्रज्ञांना मान्य झाले नसते.

७/ क्नुडसेन यांच्या सूत्राची गंमत पाहा. क्लोरीनच्या आकड्याला १.८०५ ने गुणायचे आणि ०.०३० मिळवायचे, की क्षारता आली. मग क्लोरीन शून्य असलेल्या पाण्याचीही क्षारता ०.०३० येते! कारण त्यांच्या नऊ नमुन्यांतील कमी खारे पाणी बाल्टिक समुद्राचे होते आणि तिथे नद्या क्लोरीनविरहित क्षार आणून ओततात. पुढे १९६० च्या दशकात सूत्र बदलून नुसते १.८०६५५ ने गुणणे ठरले. ३५ पाशी दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. क्नुडसेन यांचे सूत्र शून्यापाशी चुकत होते आणि पस्तीसापाशी खरे होते. आपल्या हौशी मंडळींचे रिफ्रॅक्टोमीटर अनेकदा नेमके याच्या उलट असते.

८/ आता त्या यंत्राकडे वळू. रिफ्रॅक्टोमीटर मीठ मोजत नाही, प्रकाश किती वाकतो ते मोजते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक यंत्रांवरची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी आखलेलीच नसते, ती साध्या मिठाच्या द्रावणासाठी असते. ३५ क्षारतेचे समुद्राचे पाणी अशा पट्टीवर सुमारे ३६.५ दाखवते. म्हणजे आपण पट्टीवर ३५ आणून समाधान मानतो, तेव्हा टाकीत ३३.५ च्या आसपास असते. शुद्ध पाण्यावर मात्र दोन्ही पट्ट्या शून्यच दाखवतात, त्यामुळे ही चूक त्या परीक्षेत कधीच पकडली जात नाही.

९/ हायड्रोमीटरची तऱ्हा निराळी. २५ अंश सेल्सियसला ३५ क्षारतेच्या पाण्याची घनता त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याशी ताडली तर १.०२६४ येते, ४ अंशांच्या पाण्याशी ताडली तर १.०२३३. पट्टी कोणत्या रिवाजाने आखली आहे हे न वाचता आकडा घेतला, तर क्षारतेत चारांचा फरक पडतो. मासे आपल्या शरीरातील क्षार बऱ्याच अंशी सांभाळू शकतात, प्रवाळ आणि तारामासे यांना ती सोय नाही.

१०/ ‘मग डिजिटल घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. १९७८ पासून क्षारतेची व्याख्याच विद्युतवाहकतेवर आधारलेली आहे, हे खरे. परंतु त्या व्याख्येच्या मुळाशीही एक बाटलीच आहे: एक किलोत ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेले द्रावण, १५ अंशांवर. जगभरच्या समुद्रांत सोडलेल्या आर्गो तरंडांमधील काही संवेदक गेल्या दशकात हळूहळू प्रत्यक्षाहून अधिक क्षारता दाखवू लागले. ती चूक उघड झाली, कारण ताडून पाहायला जहाजांवरून घेतलेली मोजणी होती. टाकीच्या काचेला चिकटवलेल्या मीटरला असा शेजारी क्वचितच लाभतो.

११/ यातले काही नवीन नाही. आपल्याकडच्या मिठागरांत खाऱ्या पाण्याची तीव्रता ज्या ‘बोमे’ अंशांत मोजतात, ती पट्टी फ्रान्सच्या आंत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये आखली. एक खूण त्यांनी शुद्ध पाण्यावर केली आणि दुसरी शेकडा १५ भाग मीठ असलेल्या द्रावणावर. अडीचशे वर्षांपूर्वी दोन खुणा लागत होत्या. आपण एकीवर भागवतो आणि मासा मेला की मिठाच्या कंपनीला बोल लावतो.

१२/ तेव्हा ३५ चे प्रमाणित द्रावण विकत घ्यावे. बाटलीचे झाकण घट्ट असावे, कारण पाणी उडाले की तेही खोटे बोलू लागते. ते न मिळाल्यास रिफ्रॅक्टोमीटरपुरता घरगुती उपाय आहे: ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. हे समुद्राच्या ३५ इतकाच प्रकाश वाकवते. वजनकाटा ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा असावा. स्वयंपाकघरातल्या काट्याची एका ग्रॅमची चूक म्हणजे क्षारतेतली जवळजवळ एकाची चूक. हे द्रावण वाहकतेच्या मीटरला किंवा हायड्रोमीटरला मात्र चालणार नाही, त्यांच्यासाठी मिठाचे प्रमाण निराळे लागते. आकडा चुकलेला आढळला तर टाकीचे पाणी एका दिवसात बदलू नये, काही दिवसांत थोडे थोडे करून ३५ वर आणावे.