दोन हातांच्या मधलं घासणं सोडू नका

आज पिकाचं नाही, दाराचं लिहितो.

आमचं पुढचं दार बांधावरच्या सागवानाचं, वडिलांनी करून घेतलेलं. तोंड पश्चिमेला, त्यामुळं पावसाचा मारा थेट. दोन वर्षांमागं दिवाळीच्या घाईत वार्निश मारून घेतलं. रंगारी म्हणाला, "काका, मध्ये घासत बसलो तर दिवस वाढतील. त्यापेक्षा एक हात जादा मारतो." मला ते फायद्याचं वाटलं. तीन हात झाले, दार आरशासारखं. पुढच्या पावसाळ्यात मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखं वार्निश सुटायला लागलं.

नीट बघितलं तेव्हा कळलं. सुटत होते ते वरचे हात. खालचा पहिला हात लाकडाला घट्ट होता, अजून चकचकीत. म्हणजे लाकडाचा दोष नाही. चकचकीत थरावर पुढचा थर धरलाच नव्हता.

कांद्याच्या मेणचट पातीवरून फवारा घरंगळतो, म्हणून आपण स्टिकर टाकतो ना? वाळलेल्या वार्निशचं तसंच आहे. बारीक ओरखडे पडले की पुढच्या हाताला पकड मिळते. शिवाय पहिल्या हातानं उभे राहिलेले लाकडाचे तंतू आणि चिकटलेली धूळ, तेही साफ होतं.

यंदा उन्हाळ्यात दार खरवडून मीच केलं. पहिल्या हातानंतर २२० नंबरचा काचपेपर, शेवटच्या हाताआधी ३२०. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं. पांढरी भुकटी निघाली तर वाळलंय. कागदावर चिकट गोळे आले तर थांबा, डब्यावर किती का तास लिहिलेले असेनात. चकाकी मरली की बास. कडांना जपा, तिथं लाकूड लवकर उघडं पडतं. मग टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्यानं भुकटी पुसा, तरच पुढचा हात.

माझं मत सांगतो. दोष एकट्या रंगाऱ्याचा नाही. आपण भाव फुटावर आणि हातांवर ठरवतो, घासायची मजुरी कोणी धरतच नाही. मग तो तरी का घासेल? पुढच्या वेळी आधीच सांगा, "दोन हात मार, पण मध्ये घास, आणि त्याचे पैसे घे." न घासलेल्या तीन हातांपेक्षा घासलेले दोन बरे.

हा पावसाळा गेला, अजून एकही पापुद्रा सुटला नाही. पुढचा पावसाळा झाला की परत लिहीन.