पिशवी देण्याआधी विचारा

पिशवी घ्यायची की नाही हे गिऱ्हाईक ठरवते, असा आपल्या किराणा व्यापारातला सर्वसाधारण समज आहे. ‘आम्ही नाही दिली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल’ हे वाक्य व्यापारी संघांच्या बैठकांत हमखास ऐकू येते. पण काउंटरवर प्रत्यक्ष काय घडते ते एकदा नीट पाहा. तराजूशेजारी, हाताला येईल अशा बेताने, खिळ्याला कॅरीबॅगचा गठ्ठा लटकलेला असतो. बिल होता होता दुकानातला मुलगा त्यातली एक ओढतो, बोटांनी चोळून तिचे तोंड मोकळे करतो, एक झटका देतो आणि साबणाची वडी, पाव किलो रवा, चहाचा पुडा तिच्यात सोडतो. गिऱ्हाईक तोवर मोबाइलवर पैसे भरत असते. पिशवी त्याने मागितलेलीच नसते. कित्येकदा त्याच्या दुसऱ्या हातात घरून आणलेली कापडी पिशवी असते आणि आपली प्लॅस्टिकची पिशवी मालासकट त्या पिशवीत जाते.

म्हणजे निर्णय आपल्या हातून होतो आणि हाताच्या सवयीने होतो. कायदे बदलले, मायक्रॉन बदलले, दंड वाढले, तरी तो खिळा जागचा हलला नाही.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचे थर सापडले. पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्या बंद केल्या. केंद्राच्या २०११ च्या नियमांनी तर पिशवी फुकट देऊ नये असे स्पष्ट सांगितले होते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिकची कॅरीबॅग, मग ती जाड असो वा पातळ, बंद झाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. त्या वर्षी २३ जूनला अंमलबजावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच किराणा मालाच्या वेष्टनासाठी सवलत मिळाली. ती सवलत आपल्याच संघटनांनी मागून घेतली होती. मागणी गैर नव्हती. साखर, गूळ, पोहे पावसाळ्यात कागदात टिकत नाहीत हे ज्याने दुकान चालवले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पण सवलत वेष्टनाला होती आणि तिच्या आडोशाने कॅरीबॅगही परत आली, हेही तितकेच खरे आहे. पथक येणार अशी कुणकुण लागली की गठ्ठा काउंटरखाली जातो आणि पथक गेले की पुन्हा खिळ्यावर. इतक्या वर्षांत बंदीचा आपण हाच अर्थ लावला असेल, तर व्यापारी म्हणून आपल्याला त्याची खंत वाटायला हवी.

जाडीच्या अटीमागचे कारण भंगारवाल्याच्या काट्यावर समजते. पातळ, ओली, आमटी-भाजीने माखलेली पिशवी कचरावेचक उचलत नाहीत, कारण शंभर पिशव्या वेचल्या तरी वजन भरत नाही आणि भावही मिळत नाही. दुधाची पिशवी मात्र धुऊन, साठवून विकली जाते. जाड पिशवी परत वापरली जाईल, निदान वेचली तरी जाईल, या अपेक्षेने केंद्राने किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. त्याच मापाच्या १२० मायक्रॉनच्या पिशवीत ५० मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा जवळजवळ अडीच पट प्लॅस्टिक असते. ती पुन्हा वापरली गेली तरच हे गणित सुटते.

कॅलिफोर्नियात ते सुटले नाही. त्या राज्याने २०१४ साली पातळ पिशव्यांवर बंदीचा कायदा केला, २०१६ च्या सार्वमतात लोकांनी तो उचलून धरला आणि सुपरमार्केटना सुमारे ५७ मायक्रॉनची, ‘पुन्हा वापरता येणारी’ जाड पिशवी किमान १० सेंटला विकायची मुभा राहिली. लोकांनी १० सेंट दिले, पिशवी घरी नेली आणि पूर्वीसारखीच फेकली. काही वर्षांनी टाकून दिलेल्या पिशव्यांचे एकूण वजन बंदीच्या आधीपेक्षा जास्त भरले. शेवटी २०२४ साली नवा कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून जाड पिशव्याही बंद करायचे ठरले. आपल्याकडे ‘जाड पिशवीला तरी परवानगी द्या’ अशी मागणी अधूनमधून पुढे येते. ती करणाऱ्यांनी हा अनुभव समोर ठेवावा. या मासिकाचा त्या मागणीला पाठिंबा नाही.

आयर्लंडमध्ये मार्च २००२ मध्ये वेगळे घडले. प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर आला. त्याआधी माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. १५ सेंट ही तिथल्या कमाईत नगण्य रक्कम होती. पण कर बिलात वेगळा दिसू लागला आणि काउंटरवरच्या माणसाला आधी विचारावे लागले, पिशवी हवी का? प्रश्न विचारला गेला की बहुतेकांचे उत्तर ‘नको’ असे येते. इंग्लंडमध्येही ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांत ५ पेन्स लागू झाल्यावर पिशव्यांचा खप असाच कोसळला. आपल्या व्यापाराने तिथून उचलावे ते एवढेच. कर लावणे सरकारच्या हातात आहे, पण प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

आता ‘कापडी’ म्हणून जी पिशवी आज दुकानोदुकानी मिळते, तिच्याबद्दल. रंगीत, हलकी, दुकानाचे नाव छापलेली नॉन-वोव्हन पिशवी हातात धरून पाहा. तिच्यात ताणा-बाणा नाही, दाबून चिकटवलेले तंतू आहेत. ते पॉलीप्रॉपिलिनचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच असतात. उन्हात पडली की तिचा भुगा होतो आणि तो भुगा गोळा करणे पिशवी गोळा करण्याहून कठीण. घाऊक बाजारात ती ‘इको-फ्रेंडली’ म्हणून खपवली जाते आणि आपणही त्याच विश्वासाने ती पुढे देतो. गिऱ्हाइकाला कापड म्हणून प्लॅस्टिक देणे हे भेसळीच्याच जातीचे आहे, मग ते अजाणता का होईना.

खऱ्या सुती पिशवीचेही वाटप करत सुटू नये. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिशेब मांडला आहे. एकदाच वापरलेल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीइतका हवामानावरचा भार भरून काढायला कागदी पिशवी ३ वेळा, नॉन-वोव्हन ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी लागते, खत लागते, फवारणी लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना ते वेगळे सांगायला नको. हा अभ्यास नाल्यात अडकलेली किंवा गायीच्या पोटात गेलेली पिशवी मोजत नाही, म्हणून त्यावरून प्लॅस्टिकच बरे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण दिवाळीला भेट म्हणून पाचशे सुती पिशव्या वाटल्या आणि त्या घराघरांत कपाटात पडून राहिल्या, तर आपण कोणाचेच भले केले नाही. आठवड्यातून एकदा बाजाराला नेलेली पिशवी अडीच वर्षांत १३१ वेळा वापरून होते आणि आपल्या घरांत जुन्या चादरीच्या, जुन्या पँटच्या पिशव्या त्याहून जास्त टिकतात. सगळ्यात चांगली पिशवी गिऱ्हाइकाच्या घरी आधीच आहे. तिला दुकानापर्यंत येण्याचे कारण आपण द्यायचे.

ते कारण देणे सुपरमार्केटपेक्षा किराणा दुकानाला सोपे आहे, कारण आपल्याकडे अजून सुटा माल आहे. बर्लिनमध्ये २०१४ साली ‘ओरिजिनाल उनफरपाक्ट’ नावाचे बिनवेष्टनाचे दुकान उघडले, गिऱ्हाइकाने आपला डबा आणायचा आणि तोलून न्यायचे, तेव्हा युरोपात त्याची मोठी बातमी झाली. आपल्या पोत्यांतल्या डाळी, बरण्यांतली लवंग-वेलची, छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून बांधलेली पुडी ही तीच पद्धत आहे, आणि ती मोडून आपण मॉलच्या नकलेत एक-एक किलोची पाकिटे आधीच भरून ठेवू लागलो आहोत. डबा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवू नका. रिकामा डबा काट्यावर ठेवा, टेअरचे बटण दाबा, आकडा शून्यावर आल्याचे त्याला दिसू द्या आणि मग माल घाला. बारदान मालात धरले जात नाही याची खात्री पटली की तो पुढच्या वेळीही डबा आणतो. दोन गोष्टींत मात्र जुने ते परत आणायचे नाही. वर्तमानपत्रात अन्नपदार्थ बांधायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई आहे, छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्ये असतात, तेव्हा पुडीला कोरा खाकी कागदच वापरा. आणि सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीलाही नियमांची आडकाठी आहे, त्यामुळे तेल यातून वगळा.

पैशाचा हिशेबही करू. समजा दिवसाला दीडशे पिशव्या जातात आणि नग रुपयाला पडतो. तीनशे दिवसांचे ४५ हजार रुपये होतात. किराण्यातले मार्जिन पाहता ही रक्कम मिळवायला किती माल विकावा लागतो ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. त्यातल्या थोड्या पैशांत गावातल्या बचत गटाकडून शंभर मजबूत सुती पिशव्या शिवून घेता येतील. पिशवी विसरलेल्या गिऱ्हाइकाला ती अनामत घेऊन द्या आणि आणून दिल्यावर पैसे परत करा. पिशवीचे पैसे घेणार असाल तर तशी पाटी दाराशीच हवी, कारण माल निवडून झाल्यावर काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या प्रकरणात म्हटले आहे. पिशवी फुकट मिळणार नाही, ती कशाची आहे आणि केवढ्याला, हे गिऱ्हाइकाला खरेदीआधी कळायला हवे.

एकट्याने हे करायला भीती वाटते, ही तक्रार रास्त आहे. समोरचा देत असेल तर आपण का नाही द्यायची? म्हणून ही गोष्ट पेठेने मिळून करायची आहे. आपापल्या तालुका आणि शहर संघटनेच्या येत्या बैठकीत एक साधा ठराव मांडा: आमच्या पेठेत कोणतेही दुकान, कोणत्याही प्रकारची पिशवी, गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय देणार नाही. ठराव झाला की सगळ्या दुकानांत एकाच दिवशी एकसारखी पाटी लावा, काउंटरवरच्या मुलांना काय विचारायचे ते शिकवा आणि तो खिळा काढून टाका. ठरावाची प्रत आणि महिनाभराचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. जे जमले ते आणि जे जमले नाही तेही. पुढच्या अंकांत त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.