मोघम शब्दांची किंमत

कोणत्याही कचेरीत नवा कारकून रुजू झाला की पहिले काही दिवस तो शेजारच्या टेबलावरील जाणत्या सहकाऱ्याला विचारून काम करतो. 'रद्द' आणि 'परत' या शेऱ्यांत फरक कोणता, देयकावर कोणती तारीख धरायची, हे नियमपुस्तकात क्वचितच लिहिलेले असते; ते माणसांच्या स्मरणात असते. कचेरीचा गाडा पुष्कळ अंशी या अलिखित ज्ञानावर चालतो. आता त्याच कामावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' नेमले जाऊ लागले आहेत, आणि त्यांना शेजारचे टेबल नाही.

हिशेबाच्या वा विक्रीच्या सॉफ्टवेअरमधील एकेक कृती, म्हणजे बीजक शोधणे, पैसे परत करणे, नोंद पुसणे, एजंटापुढे 'साधन' म्हणून मांडलेली असते. प्रत्येक साधनाला एक नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी याचा तक्ता असतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही हीच रचना आहे. साधनाच्या आत काय चालते हे एजंटाला सहसा दिसत नाही. त्याने कोणते साधन उचलावे आणि कसे वापरावे, याचा सारा भार त्या चार ओळींवर पडतो.

या ओळी मोघम असल्या तर काय होते? एका साधनाचे वर्णन 'ग्राहकाची माहिती मिळवते' आणि दुसऱ्याचे 'ग्राहकाचा तपशील शोधते' असे असेल, तर निवड कशाच्या आधारे करायची? नुसते 'रक्कम' म्हटले, तर ती रुपयांत की पैशांत? पैसे देण्याघेण्याच्या अनेक प्रणालींत ५०० रुपयांसाठी ५०००० हा आकडा द्यावा लागतो. तेवढा एक शब्द गाळला, तर ग्राहकाच्या हाती ५ रुपये पडतात. उलट चूक झाली, तर ५०,००० रुपये जातात. ०३/०४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च असते.

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. २०१६ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या ऑलिव्हर हार्ट यांनी दाखवून दिले की सर्व शक्यता आधीच लिहून ठेवणारा करार करता येत नाही. रिकाम्या जागा राहतातच, आणि त्या भरण्याचा अधिकार कोणाचा हा कळीचा मुद्दा ठरतो. माणूस ही जागा विचारून भरतो. यंत्र ती पुष्कळदा अंदाजाने भरते, आणि तोच अंदाज दिवसाकाठी शेकडो वेळा गिरवते.

यंत्रे अधिक हुशार झाली की ही अडचण उरणार नाही, असे काही जण म्हणतील. परंतु एखाद्या पेढीत 'चालू ग्राहक' म्हणजे गेल्या ९० दिवसांत खरेदी केलेला, असा संकेत असेल, तर तो केवळ हुशारीने कसा कळावा? तो सांगावाच लागतो. अर्थात वर्णनाचे पुराण लिहिणे हाही उपाय नव्हे. पाल्हाळात कामाचे वाक्य हरवते. साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, एकक कोणते आणि केलेली गोष्ट मागे घेता येते की नाही, एवढे नेमके लिहिले तरी पुष्कळ साधेल. मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. जेथे पैसा जातो किंवा नोंद पुसली जाते, तेथे माणसाची संमती घेण्याची सोय प्रणालीतच असावी लागते.

हे वर्णन लिहायचे कोणी? आज ते बहुधा आज्ञावली रचणाऱ्याच्या हातून, काम संपताना घाईने लिहिले जाते. वस्तुतः 'परत' आणि 'रद्द' यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, तो कारकून त्या वेळी शेजारी बसलेला हवा. त्याचे वर्षानुवर्षांचे ज्ञान यंत्राला द्यायचे असेल, तर ते काम म्हणून मोजले जावे आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळावा. एरवी वर्णन लिहिताना त्याला कोणी विचारणार नाही, आणि हिशेब चुकला की खुलासा मात्र त्याच्याकडेच मागितला जाईल.