मुक्काम कुठल्या भागात?



मार्च उजाडला की आमच्या शिक्षक-खोलीत दोनच विषय असतात, पेपर तपासणी आणि मे महिन्याची सुट्टी. परवा मधल्या सुट्टीत एका सहशिक्षिकेने डबा उघडता उघडता विचारलं, "मॅडम, तुम्ही गेल्या वर्षी लंगकावीला गेला होतात ना? हॉटेलचं नाव द्या की, आम्हीही जायचं म्हणतोय."

मी म्हटलं, "नाव देईन, पण आधी सांग, बरोबर कोण कोण येणार?"

"त्याचा हॉटेलशी काय संबंध?" ती हसली.

संबंध आहे, आणि तो मला पैसे मोजून कळला. म्हणून या महिन्याचं सदर त्यावरच लिहिते.

आम्ही सहाजण होतो. मी, माझे शोहर, दोन मुली, एक मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. तीन वर्षं भिशी लावून, थोडं थोडं बाजूला टाकून जमवलेले पैसे होते. आमचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे बेत कानावर पडताच सासूबाई म्हणाल्या, "समुद्र बघायला समुद्राच्या पलीकडे कशाला जायचं गं?" सगळे हसले. मीही हसले आणि तो प्रश्न तिथेच सोडून दिला. तेव्हा नीट ऐकला असता तर पुढची चूक टळली असती.

लंगकावी हे मलेशियाच्या वायव्य टोकाला, केदाह राज्यात, अंदमान समुद्रातलं बेट. खरं तर नव्याण्णव बेटांचा समूह, पण मुक्काम होतो तो मुख्यतः मोठ्या बेटावर. मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून विमानाने साधारण तासाभराचा पल्ला. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. पोहोचण्याआधी एक डिजिटल आगमन-पत्र मात्र भरावं लागतं. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी खात्री करून घ्या.

मुस्लिमबहुल देश, म्हणून खाण्यापिण्याची आणि नमाजची काळजी नाही, एवढं आम्हाला माहीत होतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. दुकानांच्या मोठ्या इमारतीत, पेट्रोल पंपावरसुद्धा नमाजसाठी छोटी खोली असते, तिला तिथे 'सुराऊ' म्हणतात. पण १९८७ पासून हे बेट करमुक्त आहे. त्यामुळे चॉकलेट आणि भांडी स्वस्त, तशी दारूही स्वस्त. पर्यटकांच्या किनाऱ्यावर बारही आहेत. एकाच बेटावर दोन किलोमीटरच्या अंतरात वातावरण बदलतं. म्हणून हॉटेल किती ताऱ्यांचं हे नंतर बघायचं, आधी ते कुठल्या भागात आहे ते बघायचं.

ढोबळमानाने चार भाग धरा.

पहिला, कुआह. आग्नेयेला वसलेलं बेटाचं मुख्य शहर. बोटींचा धक्का इथे, गरुडाचा प्रसिद्ध भव्य पुतळा इथे, करमुक्त दुकानं इथे, मोठी अल-हाना मशीद इथेच. खोल्या तुलनेने स्वस्त. मात्र डुंबायला किनारा नाही.

दुसरा, पश्चिमेचा पांताई चेनांग. 'पांताई' म्हणजे किनारा. लांब, पांढऱ्या वाळूची चौपाटी, समोर सूर्यास्त, रस्त्याला लागून खानावळी आणि दुकानं. विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर. सगळ्यात जास्त वर्दळ इथेच. त्याला लागून दक्षिणेला पांताई तेंगाह आहे, तो जरा शांत.

तिसरा, पांताई कोक आणि बुराउ उपसागराचा पट्टा. माचिंचांग डोंगरावर नेणारी केबल कार आणि १२५ मीटर लांबीचा वळणदार झुलता पूल या बाजूला आहेत. डोंगर बघायचा असेल तर सोयीचा, पण संध्याकाळी पायी जाण्यासारखं फारसं काही नाही.

चौथा, उत्तरेचा दाताई आणि तांजुंग रू. जंगल, शांतता, स्वच्छ पाणी आणि महागडी रिसॉर्ट. मलय भाषेत 'रू' म्हणजे आपलं सुरूचं झाड. किनाऱ्यावरची सुरूची झाडं बघून आम्हाला कोकणच आठवलं. जवळच किलिमची खारफुटी आहे, तिथे बोटीतून फिरवतात. दिवसभरासाठी जाऊन यायला उत्तम. राहायचं तर जेवणखाण रिसॉर्टमध्येच, त्यांच्या भावाने.

आता आमची चूक सांगते. मी कुआह निवडलं, पाच रात्रींसाठी, पैसे परत न मिळणाऱ्या स्वस्त दरात. माझा हिशेब सोपा होता. सासूबाईंना मशीद जवळ हवी, बाजार जवळ हवा, गर्दी आणि बार नकोत. मुलांना काय, टॅक्सीने समुद्रावर नेऊ.

पहिल्या दिवशी सकाळी चेनांगला निघालो. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, अर्धा तास. बेटावर आपल्या एस.टी.सारखी भरवशाची बससेवा नाही. मोबाईलवरून टॅक्सी बोलवायची नाहीतर गाडी भाड्याने घ्यायची. सहाजणांना मोठी गाडी लागते, तिची वाट बघावी लागली. दुपारी उन्हाने सगळे हैराण. ओल्या कपड्यांत, वाळूच्या पायांनी परत अर्धा तास. संध्याकाळी सूर्यास्त बघायला मुलांना पुन्हा जायचं होतं. सासूबाईंचे गुडघे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. मी खोलीतच बरी."

आम्ही गेलो. माझं लक्ष लागलं नाही. दुपारी लवकर परतलो तर त्या चौथ्या मजल्याच्या खिडकीशी तसबीह घेऊन बसलेल्या. खाली वाहनतळ आणि समोर दुकानांच्या पाट्या. चहासुद्धा घेतला नव्हता, कारण किटली कशी लावायची ते कुणी दाखवलंच नव्हतं. मला शरमल्यासारखं झालं. सावरून घ्यायला म्हटलं, "अम्मी, मशीद जवळ आहे ना, म्हणून तर इथे उतरलो. तुमच्यासाठीच."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीद आपल्या गावातही आहे. मला पोरं पाण्यात खेळताना बघायची होती."

बावीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगते, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी मात्र त्यांना काय हवं ते न विचारताच उत्तर लिहून मोकळी झाले होते. म्हाताऱ्या माणसाला काय हवं असतं ते आपण परस्पर ठरवतो आणि वर त्याला त्यांची काळजी म्हणतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी हिशेब मांडला. उरलेल्या तीन रात्रींचे पैसे बुडणार होते. शोहर म्हणाले, "पैसे गेलेच आहेत. दिवस तरी वाचवू."

चेनांगच्या अगदी किनाऱ्यावरची हॉटेलं परवडणारी नव्हती. पण त्या मुख्य रस्त्याच्या मागे गल्ल्या आत शिरतात आणि दहा मिनिटांत दृश्य पालटतं. भातखाचरं, चिखलात लोळणाऱ्या म्हशी, नारळाची झाडं आणि मलय लोकांची वस्ती. गावाला तिथे 'कांपुंग' म्हणतात. तिथे एका कुटुंबाच्या आवारात दोन खोल्यांचं घर मिळालं. तळमजला, पुढे पडवी, ओटा, स्वयंपाकाची सोय. भाडं कुआहपेक्षा थोडं जास्त, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या निम्म्याहून कमी. मे महिना असल्याने खाचरं मोकळी होती. सासूबाई पडवीत बसून म्हशी बघत म्हणाल्या, "ही आपल्याकडचीच जात दिसते." घरमालकीण आणि त्या, एकीची भाषा मलय, दुसरीची कोकणी, तरी तासभर बोलत बसल्या. सलाम, अल्हम्दुलिल्लाह आणि नातवंडांची संख्या, एवढ्यावर भागलं.

फजरची अजान तिथे सहाच्या थोडी आधी होते आणि सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. एका पहाटे घरमालकिणीबरोबर सासूबाई आणि मी गावातल्या मशिदीत गेलो. बायकांसाठी वेगळी जागा, भिंतीला नमाजचे पांढरे पोशाख अडकवलेले, ज्याला हवा त्याने घ्यावा. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामसाहेबांनी हात उचलून कुनूत सुरू केली, तसं सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, मलेशियातले लोकही शाफई. आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. गावच्या मशिदीतल्या जमातीबरोबर फजर पढण्याची त्यांची ती पहिली वेळ होती. मशिदीसाठी निवडलेल्या कुआहमध्ये आमचं हे घडलं नव्हतं. तिथे मशीद होती, पण हात धरून नेणारी शेजारीण नव्हती.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे पायी समुद्रावर गेलो, सासूबाईंच्या चालीने, मधे दोनदा थांबून. मलय बायका पूर्ण कपड्यांत, डोक्याला स्कार्फ बांधून, लेकरांना घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. कुणी वळून बघत नव्हतं. माझ्या दोन्ही मुली कंबरभर पाण्यात गेल्या. सासूबाई काठावर उभ्या होत्या. मग सलवार घोट्याच्या वर धरून त्या चार पावलं पुढे गेल्या. लाट गुडघ्यांपर्यंत आली. "थंड नाही गं पाणी," त्या म्हणाल्या. समुद्रकाठच्या गावात त्यांचा जन्म गेला, मासळी आयुष्यभर निवडली, पण पाण्यात त्या कधी उतरल्या नव्हत्या. त्यांच्या गावात बायकांनी उतरायची रीतच नव्हती. समुद्र बघायला समुद्रापलीकडे कशाला, या त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

हे वाचून तुम्ही चेनांगच्या मागच्या गल्लीतच राहा असं माझं म्हणणं नाही. नवविवाहित जोडप्याला तांजुंग रूची शांतता आवडेल. फक्त दोन रात्री आणि खरेदी असेल तर कुआह उत्तम. पण भाग ठरवण्याआधी घरात बसून एवढे प्रश्न जरूर विचारा.

१. खोलीत सगळ्यात जास्त वेळ कोण राहणार? वडीलधारी, बाळंतीण, लहान मूल, जे कोणी असेल त्यांच्या नजरेने जागा बघा. त्यांना खिडकीतून काय दिसेल? खाली उतरून दहा पावलं चालता येईल का?

२. दिवसातून दोनदा कुठे जायचं आहे? मुक्काम त्याच्या जवळ घ्या. एकदाच बघायच्या ठिकाणाला, जसं केबल कार किंवा खारफुटी, गाडी करून जाता येतं.

३. स्वस्त खोलीत रोजचं गाडीभाडं मिळवून बघा. आमची स्वस्त खोली दोन दिवसांत महाग झाली.

४. जेवण पायी मिळेल का? भारतीय वंशाच्या मुस्लिमांच्या 'मामक' खानावळीत रोटी चानाई डाळीबरोबर मिळते, ती आपल्या म्हाताऱ्या माणसांना मानवते. पर्यटक भागात मात्र हलालचं प्रमाणपत्र बघून आत जा, प्रत्येक ठिकाणी गृहीत धरू नका.

५. हॉटेलात बार आहे का? पोहण्याच्या तलावात पूर्ण कपड्यांना परवानगी आहे का? आधी लिहून विचारा. उत्तर न देणाऱ्याकडे पैसे भरू नका.

६. ऋतू आणि वार बघा. डिसेंबर ते मार्च कोरडा, पण गर्दीचा आणि महाग. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वात जास्त. केदाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, तेव्हा किनाऱ्यावर स्थानिकांचीही गर्दी होते. जेलीफिशच्या इशाऱ्याची पाटी दिसली तर मुलांना पाण्यात सोडू नका.

७. पहिल्या दोन रात्रींचे पैसे भरा, बाकीचे रद्द करता येतील असे ठेवा. दर थोडा जास्त पडेल, पण चूक सुधारायची सोय राहील.

हेच प्रश्न दुसऱ्या बेटांनाही लागू पडतात. मालदीवमध्ये लोकवस्तीच्या बेटावर मशीद आणि गाव मिळतं, दारूला बंदी असते. रिसॉर्टचं बेट मात्र स्वतंत्र जग असतं. थायलंडच्या फुकेतमध्ये पातोंग रात्रभर जागतं, तर जवळच्याच कमलामध्ये मुस्लिम वस्ती आणि मशीद आहे. बेटाचं नाव एकच असतं, पण मुक्काम कुठे टाकला त्यावर सहल ठरते.

आमच्या सहशिक्षिकेला मी हे सगळं सांगितलं. ती सासऱ्यांना घेऊन जाणार आहे. डबा बंद करत म्हणाली, "आज घरी जाऊन आधी त्यांनाच विचारते." हॉटेलचं नाव न्यायला ती विसरली. मीही आठवण केली नाही.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.