एक माल, अनेक दर

व्यापारी कुरकुर करितात ती कराच्या भारामुळें, असा सरकारी कचेऱ्यांचा समज आहे. आमचें मत तसें नाहीं. भार मोजतां येतो. कोणत्या गांवीं कोणता नियम लागेल हें न कळणें हाच खरा जाच होय.

महाराष्ट्रांतील मोठ्या शहरांच्या शिवेवर पूर्वीं जकातनाके असत व मालमोटारी तेथें तासन् तास खोळंबत. सन २०१० पासून कांहीं शहरांत, व २०१३ सालीं पुण्यासारख्या शहरांत, जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. नाका गेला खरा, परंतु शीव कायम राहिली. पुण्याहून शेजारच्या पिंपरीस माल नेला कीं पालिका बदलली, आणि कराचा हिशेब पुन्हां आरंभापासून! नाक्यावरचा कारकून जो हिशेब करी, तो आतां दुकानदाराच्या गळ्यांत पडला. त्या वर्षीं व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेविलीं. त्यांत कर चुकविणारेही होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वहीखातें चोख ठेवणाराही त्यांच्याच पंक्तीस बसविला जावा, हा न्याय नव्हे.

१ ऑगस्ट २०१५ रोजीं पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची सुटका झाली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू होऊन मुंबईची जकातही उठली. ही सुधारणा इष्टच. तथापि शीव पुरती पुसली असें कोणीं समजूं नये. पेट्रोल या कराबाहेर राहिलें, आणि त्यावर मुंबई-ठाण्यास २६ टक्के व राज्यांत इतरत्र २५ टक्के हा भेद २०२४ च्या मध्यापर्यंत चालला.

नव्या करांतही शंका उरल्याच. आपल्या मालाचा दर आधीं विचारून घेण्याची सोय कायद्यांत आहे. त्यासाठीं शुल्क भरून अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. परंतु तो निर्णय अर्जदारास व त्याच्या अधिकाऱ्यांसच बांधतो. शेजारच्या दुकानांत तोच माल असला, तरी त्या दुकानदारास त्या कागदाचा हक्कानें आधार घेतां येत नाहीं. आणि दुसऱ्या राज्याचें प्राधिकरण त्याच मालाविषयीं उलट सांगूं शकतें. मग लहान दुकानदारानें काय, अंदाजानें कर भरावा?

आमची सूचना अशी कीं, एका मालाविषयीं दिलेला निर्णय त्या मालाच्या सर्व व्यापाऱ्यांस लागू करावा. तो मराठींत छापून बाजारपेठांतून प्रसिद्ध करावा. आणि त्यावर विसंबून ज्यानें कर भरला, त्याजकडून पुढें निर्णय फिरल्यास मागची बाकी वा दंड घेऊं नये.