पाळकसाहेब, मोह कुणाला म्हणता?

पाळकसाहेब, दर रविवारी तुम्ही मोहावर बोलता. दारूचा मोह, मटक्याचा मोह, परस्त्रीचा मोह. आम्ही खाली बसून मान हलवतो. रातभर बागायतदाराच्या उसाला पाणी पाजून डोळे तांबारलेले असतात. तुम्हाला वाटतं, गडी पिऊन आलाय!

साताऱ्या-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवरचा खरा मोह तुमच्या प्रवचनात येत नाही. तो आम्हाला तहसील कचेरीत भेटतो, जातीच्या दाखल्याच्या अर्जावर.

येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी होता. सैतान आला आणि म्हणाला, या दगडांच्या भाकरी कर. आमच्यापुढं तो कागद सरकवतो. म्हणतो, एकच शब्द बदल. धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिही आणि पोराला वसतिगृह घे, शिष्यवृत्ती घे, राखीव जागा घे. ‘ख्रिश्चन’ लिहिलंस की अनुसूचित जातीतून नाव कटलं!

या सैतानाला जन्मतारीख आहे. १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशीच्या राष्ट्रपतींच्या आदेशातला परिच्छेद ३ सांगतो की, हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नव्हे. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान उंबऱ्याबाहेरच. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं सांगितलं, हा परिच्छेद काढून टाका. २०२२ साली बाळकृष्णन आयोग नेमला. आयोग येतात, आयोग जातात. परिच्छेद जागचा हलत नाही.

मद्रासला सूसाई नावाचा माणूस रस्त्याकडेला बसून चपला शिवायचा. सरकारनं चपला शिवणाऱ्यांना फुकट टपऱ्या वाटल्या. याला नाही. का? तर हा ख्रिस्ती! गडी सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली कोर्टानं विचारलं, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहिलाय, याचा पुरावा कुठाय? च्यायला, तीच आरी, तोच फुटपाथ, तेच पाय पुढं येतायत. आणखी कसला पुरावा पाहिजे?

त्या कोर्टाला आमच्या गावात आणा. आज्याचा बाप्तिस्मा झाला, घर महारवाड्यातच राहिलं. जुनी शिवी गेली नाही, वर ‘बाटग्या’ ही नवी मिळाली. बांधाच्या भांडणात डोकं फुटलं तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आमच्या कामाचा नाही. मार खाताना महार, तक्रार लिहिताना ख्रिश्चन!

माझ्या भावानं ‘हिंदू’ लिहिलं. त्याला नोकरी लागली. आता नाताळला दार लावून, आवाज दाबून गाणी म्हणतो. कुणी जात पडताळणी समितीला कळवलं तर? त्याला मी पापी म्हणणार नाही. त्याच्या घरात चूल पेटते. मी ‘ख्रिश्चन’ लिहिलं. त्यात शौर्य नाही. माझी आजी सांगायची, गावचा वैद्य मनगटावर कापड टाकून नाडी बघायचा. मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचा हात हातात घेतला. “त्या हाताला इसरू नका रं,” एवढंच तिचं शुभवर्तमान. तो हात मी सरकारी रकान्यात विकणार नाही. पण भाकर की देव, असा सौदा पुढं ठेवणारं सरकार आधी पापी आहे.

आणि पाळकसाहेब, तुम्ही? साताऱ्यात १९१७ साली ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. तुमच्या मंडळीत मात्र सोयरीक जुळवताना अजून विचारतात, “मूळचे कोण?” ही जात तुम्हाला सोयरिकीत दिसते, प्रवचनात दिसत नाही. त्याच साताऱ्यात १९०० साली शाळेत नाव घातलेल्या भीमरावानं पुढं लिहून ठेवलं की, अस्पृश्याला पाडलं भोवतालच्या समाजानं, आणि ख्रिस्ती शिकवण त्यालाच सांगते की तू तुझ्या पापानं पडलास. आमच्या रोगावर इतकं नेमकं बोट तुम्ही कधी ठेवलंत?

बौद्ध बंधूंनो, तुम्हाला हे नवं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलीत आणि केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडलं. ३४ वर्षं तुम्हीही याच रकान्यापुढं उभे होता. आता “आमच्यात वाटेकरी नकोत” म्हणू नका. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं धर्माच्या नावानं पिळला जाणारा माणूसही दलित म्हणून आपल्यात धरला होता. तो शब्द पाळा. ताटं वाढली तर भाकरी वाढवून मागू. एकमेकांचं ताट ओढायचं नाही.

पाळकसाहेब, येत्या रविवारी मोहावरच बोला. पण शास्त्राशेजारी परिच्छेद ३ ठेवा आणि मोठ्यानं वाचा. आणि १० ऑगस्टला झगा घालूनच कलेक्टर कचेरीवर आमच्यासंगं चला. तिथं येण्याचं धाडस नसेल, तर आमच्या चार घोटांचा हिशेब मागू नका.